पागोळीची जागा



गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाने घराच्या बाजूची मोकळी पट्टी टेप लावून मोजली. तो पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो. त्याच्या बैठका चालू असतात आणि इकडे कुकरची शिट्टी होते. शिवाय माझ्याकडे कुणी ना कुणी आलेले असते, आणि कवी मंडळींना हळू बोलण्याची सवय नसते. म्हणून त्याने एक तयार केबिन आणायचे ठरवले होते. चार फूट रुंद, आठ फूट लांब, आत टेबल-खुर्ची आणि पंखा.

मी म्हणालो, 'परवानगी लागेल.'

तो हसला. 'पप्पा, पाया खणायचा नाही, वीट लावायची नाही. टेंपोतून येणार, चार माणसं उचलून ठेवणार. नको झाली की विकून टाकू. कपाट आणायला कुणी परवानगी काढतं का?'

प्रश्न बिनतोड वाटला. मी एवढेच म्हणालो की, 'त्या जागेवर नको.' का नको, ते त्या दिवशी मला नीट सांगता आले नाही. घरातल्या माणसाला जे सांगता येत नाही ते कधी कधी मायक्रोफोनला सांगता येते, म्हणून आज हा विषय घेतला.

आमचे गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. अब्बा पिंजारी होते. गाद्या, रजया, उशा भरून द्यायच्या हा धंदा. एका जुन्या वाड्यातल्या भाड्याच्या खोलीत, कापसाच्या पोत्यांच्या आडोशाला त्यांनी आणि अम्मीने संसार केला. १९९४ साली त्यांनी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. दोन गुंठे म्हणजे साधारण दोनशे चौरस मीटर. दोन वर्षांनी घर बांधायला काढले. मंजूर नकाशाची प्रत हातात आली तेव्हा अब्बांनी ती उलटसुलट करून पाहिली. त्यांना अक्षरे फारशी येत नव्हती, पण रेघा कळत होत्या. घराच्या चौकोनाभोवती एक मोठा चौकोन होता, आणि दोन्हींच्या मधे कोरी जागा. समोर तीन मीटर, दोन्ही बाजूंना आणि मागे दीड दीड मीटर.

'इथं काय?' अब्बांनी विचारले.

नकाशा काढणारा म्हणाला, 'हे मार्जिन, चाचा. इथं काही बांधायचं नाही.'

'जमीन माझी, पैसे मी मोजले, घरपट्टी मी भरणार, आणि बांधायचं नाही?'

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक वसाहतीत प्रत्येक घरमालकाने विचारलेला आहे आणि बहुतेकांनी त्याचे उत्तर आपले आपण दिलेले आहे. कुठल्याही कॉलनीतून चक्कर मारा. कुठे मागच्या अंगाला न्हाणी, कुठे बाजूला धुण्याभांड्यांची मोरी आणि वर पत्रा, कुठे स्कूटरसाठी छप्पर. पुढे स्कूटर जाते आणि छपराला भिंती येतात, मग दार येते, आणि एक दिवस त्या दाराबाहेर भाडेकरूची चप्पल दिसते.

आम्हीही तेच केले. २००१ साली अब्बांनी दुकान सोडले, पण कापूस सुटला नाही. पोती ठेवायला जागा हवी म्हणून पूर्वेच्या मार्जिनमध्ये घराच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत पत्र्याची शेड उभी राहिली. चार लोखंडी पाइप, वर पत्रे, पुढे-मागे जुन्या दरवाजांची फळकुटे. दोन दिवसांचे काम. कुंपणापलीकडे शेजारी एक निवृत्त गुरुजी राहत. गुरुजी अब्बांना 'भाई' म्हणत. ईदला त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा जाई, दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचे ताट येई. ते एकदा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, 'भाई, कापूस आहे तो. लांब ठेवला असता तर बरं.' अब्बा म्हणाले, 'गुरुजी, चाळीस वर्षं कापसात झोपलो.' गुरुजी आत गेले.

२००३च्या फेब्रुवारीत नोटीस आली. अनधिकृत बांधकाम, मुदतीत काढून टाकावे. तक्रार कुणाची, ते नोटीस घेऊन आलेल्या माणसाने न विचारता सांगितले. कागद दाबून ठेवण्याचा खर्च किती येईल, तेही त्यानेच सांगितले.

अब्बा गप्प बसले. बोललो मी. मी तेव्हा चौतिशीत होतो, बी.ए. झालेला होतो, पहिला कवितासंग्रह छापून आला होता. मी आमच्या रस्त्यावरच्या शेडा मोजल्या. अकरा निघाल्या. नोटीस एकाच घराला होती. मी अब्बांना म्हणालो, 'आपल्या दारावरची पाटी वाचून आली आहे ही नोटीस.' हे मी गुरुजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. त्या दिवसापासून दोन्ही घरांतले बोलणे बंद झाले. त्या वर्षी शीरखुर्म्याचा डबा गेला नाही.

नोटिशीला उत्तर द्यायचे म्हणून मी नियम वाचायला घेतले. कायद्याची भाषा रूक्ष असते असे आपण म्हणतो. मला ती तशी वाटली नाही. १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, ज्याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात, त्यात 'विकास' या शब्दाची व्याख्या आहे. जमिनीत, जमिनीच्या वर किंवा जमिनीखाली जे काही बांधकाम कराल तो विकास, आणि त्याला परवानगी लागते. तीन अव्ययांत धरती आणि आकाश दोन्ही पकडले! कवीने टोपी काढावी अशी ही व्याख्या.

'इमारत' या शब्दाचे तसेच. कोणत्याही कामासाठी, कोणत्याही साहित्याची केलेली कोणतीही रचना म्हणजे इमारत; त्यात माणूस राहो वा न राहो. म्हणजे विटांचा बंगला जशी इमारत, तशी आमची पत्र्याची शेडही इमारतच. गंमत अशी की प्रसंगापुरता घातलेला तंबू, शामियाना, ताडपत्रीचा आडोसा मात्र इमारत नाही. लग्नाचा मांडव त्यामुळे सुटला. आपल्या भाषेत घराला बिलगून उभ्या राहणाऱ्या गोष्टींना किती शब्द आहेत पाहा: पडवी, ओसरी, सोपा, न्हाणी, गोठा, खोपट, खुराडे. नियमावलीपुढे या सगळ्या लेकी एकाच नावाच्या, बांधकाम.

रंग देणे, गिलावा करणे, फरशी बदलणे, कौले परतणे यांना परवानगी लागत नाही. पावसाळ्यापुरते छप्पर घालायचे तर तात्पुरत्या परवानगीची सोय आहे. मोकळ्या सोडलेल्या जागेत विहीर, जमिनीखालची पाण्याची टाकी, झाडे, रखवालदाराची लहानशी चौकी असल्या काही गोष्टींना अटी घालून मुभा आहे. कापसाची पोती त्या यादीत नव्हती.

यादी वाचता वाचता एका नियमावर मी थांबलो. कुंपणाच्या भिंतीचा नियम. भिंत दीड मीटरपर्यंत बांधा. त्याहून उंच हवी असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येते, पण वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा, जाळीचा किंवा गजांचा हवा. आणि प्लॉट कोपऱ्यावरचा असेल, तर कोपऱ्यापासून दोन्ही अंगांना १० मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच. उरलेली उंची हवी तर गजांची करा. पाऊण मीटर म्हणजे माणसाच्या कमरेच्या खाली. कशासाठी? वळणावरून सायकलवर येणाऱ्या पोराला पलीकडून येणारा ट्रक दिसावा म्हणून. त्या पोराचे त्या घराशी काही नाते नाही, त्या प्लॉटवर त्याचा हक्क नाही. तरी त्याची नजर जाण्यापुरती जागा तुमच्या भिंतीवर राखून ठेवलेली आहे.

मला तेव्हा दादीचे खेड्यातले घर आठवले. कौलारू घर, बुटकी वळचण. पाऊस सुरू झाला की पागोळ्या लागत आणि अंगणात एका रेषेत खळगे पडत. आम्ही पोरे त्या खळग्यांत हात धरून बसायचो. दादी सांगायची, भिंत घालताना पागोळीची जागा सोडायची असते. आपल्या छपराचे पाणी आपल्याच जमिनीत पडले पाहिजे, शेजाऱ्याच्या भिंतीत मुरता कामा नये. नगररचना खाते, टेप, नकाशा यातले काहीही नव्हते तेव्हा आमच्या खेड्यात मार्जिन होते आणि ते पावसाने आखलेले होते. त्या खळग्यांच्या रेषेवरून भावाभावांत डोकी फुटलेली आहेत, हेही खरे. अशाच हक्कांसाठी इंग्रजांनी १८८२ साली सुविधाधिकारांचा कायदा केला. उजेड, वारा, पाण्याची वाट यांच्या भांडणांत तो आजही लागतो. एखाद्या खिडकीने हक्क म्हणून सलग वीस वर्षे बिनविरोध उजेड घेतला असेल, तर शेजाऱ्याला ती सहजी बुजवता येत नाही.

हे सगळे वाचून मी काय करावे? शहाणपण यावे ना? मी चार पानांचे उत्तर लिहिले. शेडला पाया नाही, म्हणून ती बांधकाम नाही. रस्त्यावर आणखी दहा शेडा आहेत, त्यांचे काय? भाषा उत्तम होती. ते पत्र मी दोन मित्रांना वाचून दाखवले आणि त्यांनी दाद दिली. पत्र गेले. पुढे काही झाले नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, शेड उभीच राहिली.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहाच्या सुमारास कुणाचा तरी बाण वाकडा गेला आणि पत्रा व भिंत यांच्या मधल्या फटीतून आमच्या शेडमध्ये शिरला. कुणाचा ते कळले नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. कापूस गंजीसारखा भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. बाहेरून धूर दिसतो, विस्तव दिसत नाही. वरून पाणी ओतले तर वरचा थर भिजतो आणि खाली आग पुढे सरकत राहते. अब्बांना हे ठाऊक होते. त्यांना पोती ओढून बाहेर काढायची होती. पण शेड दोन्ही भिंतींना टेकलेली होती. पुढच्या दाराशीच पोती रचलेली, मागे जायला आमच्या बाजूने वाटच नव्हती. दीड मीटरची वाट आम्ही स्वतःच बुजवली होती. त्या भिंतीला लागून अम्मीची खोली होती आणि खिडकीतून धूर आत येत होता.

तेव्हा पलीकडून कुणीतरी पत्र्यावर धाडकन काहीतरी मारले. गुरुजी. त्यांचे मार्जिन पूर्ण मोकळे होते, तिथे तुळस आणि दोन जास्वंदी होत्या. ते कुंपणाच्या भिंतीवर चढून पहारीने पत्रा उचकटत होते. त्यांचा मुलगा, जावई आणि गल्लीतली चार पोरे त्या पट्टीत उभी राहिली आणि पोती एकेक करून भिंतीवरून पलीकडे ओढली गेली. नगरपालिकेचा बंब आला, त्याची नळीही गुरुजींच्या फाटकातून आत आली. आमची आग त्यांच्या अंगणात विझली. जास्वंदी गेल्या. अम्मी चार दिवस खोकत होती, त्यापलीकडे कुणाला काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी कुणाला काही न सांगता शेडचे पाइप कापायला माणूस बोलावला. मग ते कुंपणाशी गेले. गुरुजी ओल्या कापसाचा लगदा फावड्याने गोळा करत होते.

'गुरुजी, तक्रार तुम्ही केली होती?'

'हो भाई. मी केली.'

'तोंडावर पुन्हा सांगायचं.'

'सांगितलं होतं. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं.' मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'आणि बाकीच्या दहा शेडा मला दिसत नाहीत असं नाही. त्यांच्यात कापूस नाही.'

श्रोतेहो, इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. माझ्या मनात तेव्हा आलेला संशय गुरुजींच्या बाबतीत खोटा ठरला. पण तो कुठून आला हे मला अजूनही ठाऊक आहे. नियम सगळ्यांना असतो आणि नोटीस एखाद्यालाच येते, तेव्हा ज्याला ती येते तो आपले नाव तपासून पाहतो. कुणी आडनाव तपासतो, कुणी पक्ष, कुणी मागच्या निवडणुकीतले मत. अकरा शेडांतल्या एकीलाच नोटीस देणाऱ्या कचेरीने हा संशय पेरायला मदत केली. पुढे काही राज्यांत घरांवर बुलडोझर फिरताना आपण दूरचित्रवाणीवर पाहिले. एखाद्यावर गुन्हा दाखल झाला की लगेच त्याच्या घराचे बांधकाम अनधिकृत असल्याचे आठवायचे, हा प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी निकाल दिला. आधी नोटीस आणि किमान पंधरा दिवसांची मुदत, मग प्रत्यक्ष म्हणणे ऐकून घेणे, मग कारणांसह आदेश, आणि त्यानंतरही स्वतः काढून घ्यायला किंवा दाद मागायला पंधरा दिवस. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणांना हे संरक्षण नाही. त्या निकालाची सुरुवात हिंदीतले कवी प्रदीप यांच्या ओळींनी झाली आहे. घर आणि अंगण यांबद्दल न्यायमूर्तींना कवीची साक्ष काढावीशी वाटली, याचा मला कवी म्हणून थोडा अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू?

मधल्या काळात नियमही बदलले. पूर्वी बहुतेक शहरांची आपापली नियमावली असे. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे वगळून राज्याला एकच एकत्रित नियमावली लागू झाली. लहान प्लॉटवाल्यांचे हेलपाटे त्यात कमी केले आहेत. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नकाशा सादर करून शुल्क भरले की काम सुरू करता येते. खेड्यांतही २०२१ साली सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला अशीच सवलत मिळाली. पण लोक यातून भलताच अर्थ काढतात. परवानगीचा कागद सोपा झाला, बाजूची जागा सोडण्याचा नियम सुटलेला नाही. दुसरा गैरसमज शास्तीचा. अनधिकृत बांधकामाची घरपट्टी लावून घेतली, वर शास्ती भरली, म्हणजे ते अधिकृत झाले असे माझे अनेक सुशिक्षित मित्र समजतात. तसे होत नाही. पालिका पैसे घेते आणि बांधकाम अनधिकृतच राहते. या व्यवस्थेला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही.

आणि एक तक्रार नियमावलीविषयीही आहे. दोन गुंठ्यांत तीन पिढ्या राहणार, त्यात एक म्हातारी असणार, तिला रात्री तीनदा उठावे लागणार, हे नियमाला माहीत नसते. अम्मीला शेवटच्या वर्षांत घरातल्या उंबऱ्यावरून न्हाणीत जाता येईना. तेव्हा मागच्या दीड मीटरमध्ये एक आडोसा उभा करावा असे माझ्याही मनात आले होते. कोण बघतंय? अखेर स्वयंपाकघराचा एक कोपरा तोडून आत न्हाणी केली आणि ओटा अर्धा झाला. आमच्या घरातली भांडी त्यानंतर आजतागायत जमिनीवर आहेत. ज्यांना आत कोपराही नाही, त्यांनी काय करावे?

आता मुलाच्या केबिनविषयी. मी त्याला घेऊन नगरपालिकेत गेलो. तिथला तरुण अभियंता नीट बोलला. चाकावर आणा, क्रेनने आणा, माणूस रोज आत बसून काम करणार असेल तर ती रचनाच, असे तो म्हणाला. गच्चीवर एक खोली चढवता येते का ते पाहा, प्लॉटला चटई क्षेत्र शिल्लक दिसते आहे, घराचा मूळ नकाशा घेऊन या.

मूळ नकाशा ट्रंकेत होता. अब्बा २०११ साली गेले, त्यांच्या कागदांत. निळ्या रेघा फिकट झाल्या आहेत, पण कोरी पट्टी कोरीच आहे. मुलाने तो टेबलावर पसरला, पूर्वेच्या बाजूला बोट ठेवले आणि विचारले, 'पप्पा, इथं तो काळा डाग कसला?'

तो धुराचा आहे. नकाशा त्या रात्री अम्मीच्या खोलीतल्या भिंतीवर टांगलेला होता. मी त्याला सगळे सांगायला बसलो तेवढ्यात कुंपणाशी गुरुजींची सून आली. म्हणाली, 'भाई, आमच्या गच्चीचा पाइप तुमच्याकडे गळतोय का हो? प्लंबर आलाय, त्याला तुमच्या पट्टीत शिडी लावावी लागेल.'

मुलाने टेप उचलून ठेवला आणि फाटक उघडायला गेला.